मुलाला पंधरा दिवसांसाठी बोलावून घ्या

वाचकाचं पत्र

नमस्कार,
मी ६६ वर्षांची, हे ७४. आम्ही नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहतो. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. २०१९ मध्ये धंतोलीतल्या डॉक्टरांनी अल्झायमर असल्याचं सांगितलं. तेव्हा आमची घडी बसली होती. सकाळी बागेत मित्रांबरोबर फिरणं, शनिवारी तेलंगखेडीचा मारुती, आणि नऊ ते एक मदतीला एक मावशी यायच्या. मार्च २०२० मध्ये सगळं एकाएकी थांबलं. मावशींची वस्ती सील झाली. हे दिवसभर फाटकाची कडी वाजवायचे. "दार का लावून ठेवलंस तू?" शेवटी मी कुलूप लावलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी रात्री शांत राहण्याची एक गोळी दिली. ती अजून सुरू आहे. सगळं उघडलं तोवर ह्यांना बागेचा रस्ता आठवेनासा झाला होता.

एप्रिल २०२१ मध्ये ह्यांचे शाळेपासूनचे मित्र कोरोनात गेले. त्यांच्या घरी भेटायला जाणंही झालं नाही. हे अजून विचारतात, "येऊन का नाही राहिला तो?" खरं सांगितलं की ढसढसा रडतात, आणि थोड्या वेळाने परत तेच विचारतात.

मुलगा पुण्याला आहे. टाळेबंदीत व्हिडिओ कॉल सुरू झाले, आता त्याचं येणं म्हणजे तेच. हे फोनवर छान बोलतात. मुलगा म्हणतो, "आई, बाबा तर मस्त दिसून राहिले." मावशींना मी परत बोलावलंच नाही, तेव्हा निभावलं तर आता कशाला, असं वाटलं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन एप्रिल २०२० मध्ये ठरलं होतं, ते राहिलंच. रात्री तीन-चारदा उठावं लागतं. गेल्या महिन्यात आंघोळीच्या वेळी ह्यांनी माझा हात आवळून धरला, मी इतक्या जोरात झटकला की हे भिंतीवर आदळले. लागलं नाही, पण माझं मन थाऱ्यावर नाही. मी कुलूप लावलं म्हणून हे असे झाले का? मी ह्यांना शब्द दिला होता की कुठे ठेवणार नाही. पण आता माझ्याच्याने होत नाही.
— एक वाचक

उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात डोळ्याबद्दल एकच ओळ आहे आणि त्याविषयी तुम्ही काही विचारलेलंही नाही. तरी मी तिथूनच सुरुवात करते. मोतीबिंदूचं ऑपरेशन साधारण अर्ध्या तासाचं असतं, बहुतेक माणसं त्याच दिवशी घरी येतात. नंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, सुरुवातीला वाकून वजन उचलायचं नाही. एवढं पथ्य कुणालाही जमेल, पण तुमच्या घरात ते अशक्य आहे, कारण वाकणं आणि उचलणं हेच तुमचं दिवसभराचं काम आहे. म्हणून ऑपरेशन पाच वर्षं लांबलं. या पाच वर्षांत तुम्ही अंधुक नजरेने रात्री तीन-चारदा उठून एका मोठ्या माणसाला न्हाणीघरापर्यंत नेता आहात. तुम्ही पडलात आणि खुब्याचं हाड मोडलं, तर त्यांना सांभाळणारं दुसरं कुणी घरात नाही.

या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून महिन्याभरानंतरची तारीख घ्या, आणि मग मुलाला कळवा. "जमेल का रे?" असं विचारू नका. असं लिहा: "अमुक तारखेला माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे. पंधरा दिवस मला वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. बाबांची आंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं तुला बघायचं आहे. घरून काम करता येत असेल तर लॅपटॉप घेऊन ये, नाहीतर सुट्टी टाक. तिकीट काढलंस की कळव."

हे वाचून तुम्हाला संकोच वाटेल, हे मला ठाऊक आहे. मुलाच्या नोकरीची, सुनेची, नातवंडांच्या परीक्षांची यादी तुमच्या मनात तयारच असेल. पण त्याला खरोखर माहीत नाही, ताई. या आजारात माणूस ओळखीच्या चेहऱ्यासमोर, फोनवर, डॉक्टरांच्या खोलीत दहा-पंधरा मिनिटं स्वतःला चांगलं सावरून धरतो. जुने विनोद येतात, "काय म्हणतोस, जेवलास का?" येतं. फोन ठेवल्यावरचा तासभर स्क्रीनवर कुणाला दिसत नाही. मुलगा खोटं बोलत नाही आणि त्याला काळजी नाही असंही नाही. त्याला जेवढं दिसतं तेवढंच तो बोलतो. त्याने एक रात्र त्या खोलीत झोपायला हवं आणि एक आंघोळ स्वतः घालायला हवी. ऑपरेशन ही त्यासाठी चालून आलेली सबब आहे आणि सबब पूर्ण खरी आहे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त जाणवलं ते हे की तुमच्या घराची आजची व्यवस्था कुणी बसून ठरवलेली नाही. मावशी नाहीत, मुलगा फोनवर, डोळा तसाच, गोळी चालू, बाहेर जाणं बंद. हे सगळं मार्च २०२० च्या आणीबाणीत नाइलाजाने झालं. बाकीच्यांची दुकानं उघडली, शाळा सुरू झाल्या, लग्नं लागली. तुमच्या घरी मात्र ती तात्पुरती सोय कायमची होऊन बसली, कारण ती मोडायला जी ताकद लागते ती त्याच सोयीत खर्च होत होती. स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) रुग्णाला घरी सांभाळणाऱ्या कितीतरी बायकांचं असंच झालं आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की या रुग्णांच्या सांभाळातले ७० टक्के तास बायकांचे असतात आणि घरची माणसं सरासरी रोज ५ तास त्यात घालवतात. तुमच्या घरी तर रात्रही त्यातच जाते. "तेव्हा निभावलं" असं तुम्ही लिहिता. निभावलं खरं, पण त्याचा भार तुमच्या डोळ्यावर, झोपेवर आणि तुमच्या रागावर पडला आहे.

आता कुलपाचं. अल्झायमर हा मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा आजार आहे. २०१९ मध्ये निदान झालेल्या माणसाची प्रकृती महामारी आली नसती तरी या सहा वर्षांत उतरलीच असती. मात्र टाळेबंदीचा काहीच परिणाम झाला नाही असं मी म्हणणार नाही, तुम्हाला ते पटायचंही नाही. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेले चेहरे यांच्या आधारावरच अशा माणसाचा दिवस उभा असतो. आधार एकदम काढला की चिडचिड, घाबरणं, रात्रीचं भटकणं वाढतं, किंवा माणूस गप्प होऊन एका जागी बसून राहतो. त्या काळात अनेक देशांतल्या डॉक्टरांनी आणि घरच्यांनी हेच पाहिलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च ते जून २०२० या काळात कोरोनाने दगावलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा माणसांना आधीपासून स्मृतिभ्रंश होता. आपल्याकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. दार बंद ठेवा असं या ८८ लाख घरांना सांगितलं गेलं, पण ज्याला दार का बंद आहे हेच उमगत नाही त्याचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. मला आजही याचा संताप येतो.

तुम्ही कुलूप लावलं तेव्हा ६५ वर्षांपुढच्या माणसांनी घरातच राहावं ही सरकारची सूचना होती. सतरंजीपुरा, मोमीनपुरा सील होते. पुढच्या वर्षी, १५ ते २१ मार्च २०२१ ला, नागपूर परत कडक टाळेबंदीत गेलं आणि त्यानंतरचा एप्रिल शहराने कसा काढला ते तुम्हाला मी सांगायला नको. मास्क तोंडावर न ठेवणारा, हात न धुणारा, रस्ता विसरणारा माणूस त्या दिवसांत फाटकाबाहेर गेला असता तर? स्मृतिभ्रंश असलेल्या वयस्कर माणसांत कोरोना पुष्कळदा ताप-खोकल्याआधी एकाएकी वाढलेल्या गोंधळाच्या रूपात दिसायचा. आणि भरती करावं लागलं असतं तर तुम्हाला त्यांच्याजवळ थांबू दिलं नसतं. तुम्ही त्यांना जिवंत ठेवलंत. कुलूप त्याच जपणुकीचा भाग होतं. तो आरोप तुम्ही स्वतःवरून काढून टाका.

आंघोळीच्या वेळच्या प्रसंगाबद्दल मी वेगळं बोलणार आहे, कारण त्याकडे "होतं असं कधी" म्हणून काणाडोळा करणं तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठी दोघांसाठी धोक्याचं आहे. ते पुन्हा होता कामा नये. तुम्ही लिहिलंत, म्हणजे ते तुम्हालाही ठाऊक आहे. त्यांनी हात आवळला तो भीतीने. डोक्यावर अचानक पाणी, अंगावरचे कपडे कुणीतरी काढतंय, फरशी ओली. आंघोळ रोज झालीच पाहिजे असं काही नाही. एक दिवसाआड घाला, मधल्या दिवशी ओल्या टॉवेलने अंग पुसा. त्यांना स्टुलावर बसवून आधी पायांवर पाणी घाला, हातात तांब्या त्यांच्याच द्या, मांडीवर पंचा राहू द्या. नाही म्हणाले तर अर्ध्या तासाने पुन्हा. आणि राग उसळून आला की ते सुरक्षित बसलेत एवढं बघा आणि दुसऱ्या खोलीत जा. आंघोळ बुडाली तर बुडू दे. जे मनात साठलं आहे ते कुणाशी तरी बोलावं वाटलं तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, कुठल्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर आहे. आपण काही वेडे नाही, असं म्हणून फोन टाळू नका.

ती गोळी. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने फोनवरून आणि व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याचे नियम काढले आणि त्याने कितीतरी घरांना आधार झाला. तुमच्या डॉक्टरांनी त्या वेळी दिलेली गोळी त्या वेळेपुरती योग्यच असेल. पण ती क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन या जातीची असेल, तर ही औषधं स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच मृत्यूच्या धोक्याची ठळक ताकीद दिली. ब्रिटनच्या सूचनांप्रमाणे अशा औषधाची गरज निदान दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायची असते. तुमच्याकडे पाच वर्षं झाली. स्वतःहून बंद मात्र करू नका, एकदम थांबवलं तर त्रास उलटू शकतो. जुनी चिठ्ठी, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत भरा आणि समोर बसून डॉक्टरांना विचारा, "ही अजून लागते का? कमी करता येईल का?" नेहमीच्या डॉक्टरांकडे वेळ मिळत नसेल तर सुपर स्पेशालिटी रुग्णालयाची किंवा मिहानमधल्या एम्सची ओपीडी आहे. मुलगा आलेला असेल तेव्हाच हे करा, म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते तोही ऐकेल.

मित्राच्या प्रश्नाने तुम्ही किती थकला असाल. सत्य लपवायचं नाही अशा संस्कारात आपण वाढलो, म्हणून तुम्ही दर वेळी खरं सांगता आणि दर वेळी त्यांना ते मरण पहिल्यांदाच कळतं. आता सांगू नका. त्यांना मृत्यूची बातमी नको असते, मित्र हवा असतो. "आठवण आली का त्यांची? शाळेत तुम्ही दोघं काय उद्योग करायचा हो?" असं विचारा. फोटो असेल तर तो हातात द्या. बोलू दे त्यांना. येणार आहेत, निघालेत, अशी थापही मारू नका, मग ते फाटकाशी वाट बघत उभे राहतील. एखाद्या दिवशी मात्र ते अगदी भानावर येऊन तुमच्या डोळ्यांत बघत विचारतील, "तो गेला ना गं?" तेव्हा "हो" म्हणा आणि त्यांच्याजवळ बसा.

आणि तुम्ही स्वतः त्या घरी जाऊन या. दुसऱ्या लाटेत कितीतरी घरांत अंत्यदर्शन झालं नाही, तेरावं झालं नाही, भेटायला येणारी माणसं आली नाहीत. त्या घरातल्यांनाही कुणी आलं नाही याचं दुःख असेल. आता इतक्या वर्षांनी कसं जायचं, हा विचार करू नका. एक संध्याकाळ, मुलगा घरी असताना.

मावशींना फोन करा. पहिल्यांदा त्यांची, त्यांच्या घराची विचारपूस करा. त्या काळात त्यांचंही काम एका रात्रीत गेलं होतं. त्या येऊ शकत असतील तर उत्तम, नसतील तर त्यांच्या ओळखीत कुणी असेल. ब्युरोतून माणूस घ्यायचा झाला तर आंघोळीसाठी पुरुष अटेंडंट मागा, तुमच्या यजमानांची लाज अजून शाबूत आहे आणि ती जपायला हवी. सुरुवातीला रोज दोनच तास, एकच वेळ. "हा तुमच्यासाठी आलाय" असं त्यांना म्हणू नका, "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे ना, मला मदत लागते" म्हणा. पहिले काही दिवस तुम्ही घरात थांबा, मग कोपऱ्यापर्यंत जा, मग बाजारात. पैशाचं मुलाशी उघड बोला. तुमच्या पेन्शनमधून किती, त्याच्याकडून किती, हे आकड्यांत ठरवा, आणि दर तीन महिन्यांनी तो आठवडाभर येईल हेही तारखांसकट. हयातीचा दाखला, बँकेची सही, घराची कागदपत्रं हे विषय त्याच बैठकीत काढा. सही करण्याची समज पुढे राहीलच असं नाही, म्हणून वकिलांना लवकर भेटलेलं बरं.

बाहेरच्या माणसांबद्दल. गल्लीत कुणाला आजाराचं नाव माहीत नसेल तर सांगून टाका. साठी बुद्धी नाठी म्हणून लोक हसण्यावारी नेतात आणि त्यात आपण गप्प बसतो. समोरच्या किराणावाल्याला, शेजारच्या दोन घरांना, सोसायटीच्या चौकीदाराला नुसतं एवढं सांगा की हे एकटे दिसले तर थांबवा आणि मला फोन करा. सदऱ्याच्या खिशाच्या आत तुमचा नंबर शिवून ठेवा. बाग आता जमली नाही तरी तेलंगखेडीचा मारुती जमेल; पहाटेची, गर्दी नसलेली वेळ, ऑटो ओळखीचा. पायऱ्यांपाशी बसून परत आलात तरी चालेल.

नागपूरचा उन्हाळा या आजारात वैऱ्यासारखा वागतो. त्यांना तहान लागते पण लागल्याचं समजत नाही, किंवा समजलं तरी सांगता येत नाही. पारा ४५ वर गेला की अंगातलं पाणी कमी होऊन गोंधळ वाढतो. विचारत बसू नका, दर तासाला ताक, पन्हं, आंबील, काहीतरी हातात द्या. साखर किंवा रक्तदाब असेल तर मीठ-साखरेचं डॉक्टरांना विचारून. आणि हे नक्की लक्षात ठेवा: एक-दोन दिवसांत एकदम बिघाड झाला, झोपाळू झाले किंवा भ्रमिष्टासारखे बोलू लागले, तर आजार वाढला असं समजून बसू नका. लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, रक्तातलं सोडियम उतरणं अशी उपचार होऊ शकणारी कारणं असतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उरला तुमचा शब्द. तुम्ही तो दिलात तेव्हा ते तुमच्याशी चर्चा करू शकत होते आणि तुम्हाला दोन धड डोळे होते. त्या शब्दाचा अर्थ मी असा घेते की त्यांना टाकून देणार नाही. मुलगा, अटेंडंट, दुरुस्त केलेली औषधं यांनी अजून बराच काळ घरातच निघू शकेल असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. गोव्यात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या साध्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी येऊन आधार दिला एवढ्यानेही सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं होतं. मोठ्या सोयींची वाट बघण्याआधी घरात येणारं दुसरं माणूस हवं. पण पुढे कधी काही तासांचं डे केअर किंवा कायमची राहण्याची जागा शोधावी लागली तर तो शब्द मोडला असं मी म्हणणार नाही. कोरोनात अशा जागांची दारं घरच्यांना बंद झाली होती, ती धास्ती तुमच्या मनात असणार, आणि म्हणूनच निकडीत घाईने निवडण्यापेक्षा आता, ताकद असताना, मुलाला बरोबर घेऊन दोन-तीन जागा पाहून ठेवा. न कळवता जा. रात्री किती माणसं ड्युटीवर असतात, कुणाला बांधून ठेवतात का, पडलं तर घरी केव्हा कळवतात, साथ आली तर घरच्यांपैकी एकाला आत येऊ देणार का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा.